पहिली पोळी मडक्याची

९ सप्टेंबर

आज विहाराच्या पटांगणात चिठ्ठ्या निघाल्या. नाल्याकाठची आमची वस्ती हटणार, हे मी चड्डीत फिरत होतो तेव्हापासून ऐकतो आहे. त्यामुळे हे खरं होईल असं कोणाला वाटलं नव्हतं. आता नाल्यापलीकडे इमारत उभी आहे, तिला पिवळा रंग दिला आहे, आणि आज कोणाला कोणता माळा ते ठरलं.

घर मायच्या नावाने आहे, म्हणून तिलाच पुढे बोलावलं. तिने चिठ्ठी काढली आणि न उघडताच माझ्या हातात दिली. मी वाचली. मग पुन्हा वाचली. तिसरा माळा.

सगळ्यात खालचा माळा चंपतराव काकांना मिळाला. त्याला मागच्या बाजूने थोडं अंगण आहे. ते चिठ्ठी बघून म्हणाले, "घ्या! नाल्याचं पानी पहिले कोनाच्या घरात? चंपतच्या!" सगळे हसले. मला हसू आलं नाही. माझ्या डोक्यात एकच गोष्ट आली. तिसऱ्या माळ्यावर मायची चूल कुठे मांडायची?

शेजारच्या गोपिका मावशीची मोनाली म्हणाली, "तुया चेहरा पाहून असं वाटते की तुले फाशीची चिठ्ठी निघाली. इतकी धडधड होते तर लिहून काढत जा गा." ती रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात काम करते, त्यामुळे तिला वाटतं की तिला सगळ्या दुखण्यांवरचं औषध माहीत आहे. तरी मी येताना ही वही आणली.

११ सप्टेंबर

वही आणली आहे तर नीट लिहिलं पाहिजे. शाळा नववीत सुटली असली तरी माझं शुद्धलेखन चांगलं आहे. मी फ्लेक्सच्या दुकानात कामाला आहे. वाढदिवसाच्या फलकावर एखाद्या दादाचं नाव चुकलं तर काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे, म्हणून आमचे ताराचंदभाऊ प्रत्येक फ्लेक्स छापण्याआधी मला वाचायला लावतात.

चुलीबद्दल लिहितो. माझी माय लांब पोळ्या करते. लग्नाला, नामकरणाला, सावजी खानावळवाल्यांना, कोणालाही पाहिजे असल्या की लोक आमच्या दारात येतात. सैल, जवळजवळ वाहतं पीठ परातीत आपटून आपटून तिला तार आणावी लागते. मग त्याचा गोळा हातावर घ्यायचा, एका हातावरून दुसऱ्या हातावर झुलवायचा, तो कोपरापर्यंत लांबतो, आणि एका झटक्यात चुलीवरच्या उपड्या मडक्यावर टाकायचा. मडक्याच्या पोटात जाळ, पाठीवर पोळी. पोळी रुमालासारखी निघते.

पहिली पोळी कधीच चांगली होत नाही. मडकं किती तापलं ते तिच्यावरूनच कळतं. ती गिऱ्हाइकाला द्यायची नसते. आमच्याकडे म्हणतात, पहिली पोळी मडक्याची. पण मडकं काही खात नाही. ती मी खायचो. कुठे कच्ची, कुठे जळलेली, वर तेल आणि मीठ. बाबा होते तेव्हा अर्धी त्यांची. ते हातठेला घेऊन निघायचे आणि ती अर्धी पोळी चहात बुडवून उभ्या उभ्या खायचे.

रोज सकाळी मला मायच्या खोकल्याने जाग येते. ती चूल पेटवते, धूर होतो, ती खोकते. आधी थोडं, मग मोठं, मग दोनदा घसा खाकरते. तोपर्यंत मी उठून बसलेला असतो. मी आजपर्यंत कधी उशिरा कामावर गेलो नाही. आमच्या गल्लीतल्या बायासुद्धा म्हणतात, इंदू खोकलली, उठा आता.

तिसऱ्या माळ्यावर हे सगळं कसं होणार?

१६ सप्टेंबर

आज मायला इमारत दाखवायला घेऊन गेलो. लिफ्ट बसवली आहे, पण अजून सुरू झालेली नाही. जिने चढताना माय प्रत्येक माळ्यावर थांबली. कठड्याला धरून उभी राहायची आणि मला म्हणायची, "थांब, मले पाहू दे." पाहण्यासारखं तिथे काही नव्हतं. नुसती भिंत होती. मला कळलं की तिचं मन होत नाही आहे.

वर गेल्यावर ती खिडकीपाशी गेली. तिथून आपली वस्ती सगळी दिसते, आमचं टिनाचं छप्पर, विहाराचा निळा झेंडा, आणि सकाळच्या चुलींचा धूर छपरांवर चादरीसारखा पसरलेला. वारा फार होता. माय बराच वेळ तिथेच उभी होती. पदर सुटला तरी तिने सावरला नाही. तोंड उघडं ठेवून नुसती उभी.

मी म्हटलं, "माय, चाल."

ती म्हणाली, "थांब ना गा. अजून थोडं."

तिचे डोळे भरले होते. आपलं जुनं घर इतक्या वरून बघून कोणाचेही भरतील. मला तिच्याकडे बघवलं नाही. येताना मी मनात ठरवलं की काहीही करून चुलीची सोय करायची.

२ ऑक्टोबर

दसरा. दीक्षाभूमीला आलेली माणसं दरवर्षी आमच्या विहारात जेवतात. नरखेडकडची, रामटेककडची, कुठकुठची. पोळ्या मायच्या आणि गोपिका मावशीच्या. मी लहान होतो तेव्हा या दिवशी चुलीमागे बसून लोकांचे पाय मोजायचो. कोणाच्या चपला, कोणाच्या टाचा फुटलेल्या. माय मडक्यावर पोळी टाकायची तेव्हा पाहुण्या बाया जेवण सोडून बघायला यायच्या. एक म्हातारी एकदा म्हणाली होती, "बाई, तुया हाताले पंख हायेत का वं?"

आज माय मडक्यापाशी बसलीच नाही. लांब, दाराजवळ बसली आणि नुसतं पीठ आपटत राहिली. मडक्यापाशी मोनाली. हे मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. माय कोणाला मडक्याला हात लावू देत नाही. मोनालीच्या पहिल्या दोन पोळ्या चुलीत पडल्या.

गोपिका मावशी ओरडली, "पोट्टे, पोळी टाकून राहिली का जाळं फेकून राहिली?"

मोनाली म्हणाली, "बारावी झाली माई, पोळीचा पेपर नव्हता त्याच्यात."

सगळ्या हसल्या. मायसुद्धा हसली आणि हसता हसता तिला खोकला लागला, तो थांबेचना. मोनालीने हातातलं पीठ तसंच ठेवून तिला पाणी दिलं, पाठीवरून हात फिरवला आणि माझ्याकडे रागाने बघितलं. मी काय केलं होतं?

मला वाटतं मायने आतापासूनच चुलीवरून मन काढायला सुरुवात केली आहे. सगळं जाणारच आहे तर दुसऱ्याच्या हातात देऊन टाकू, असं. मला फार वाईट वाटलं. पहिली पोळी मी मागितली नाही.

७ ऑक्टोबर

आज माय नवी साडी नेसून मोनालीबरोबर रामदासपेठेला गेली. मी विचारलं कशाला, तर म्हणाली, "काही नाई, मोनालीचा दवाखाना पाहाले." दवाखाना काय पाहायची गोष्ट आहे?

१४ ऑक्टोबर

माय पुन्हा रामदासपेठेला गेली होती. मी कामावरून आलो तेव्हा माय, गोपिका मावशी आणि मोनाली आमच्याच घरात बसल्या होत्या. मी दारात आलो आणि तिघी गप्प झाल्या. मायने काहीतरी पटकन चंचीत टाकलं आणि चंची कमरेला खोचली.

मोनाली म्हणत होती ते शेवटचं मला ऐकू आलं. "मावशी, त्याले सांगाच लागते."

माय म्हणाली, "सांगीन. घर होऊ दे पहिले."

मला आता कळलं. माझ्या लग्नाचं चाललं आहे. दवाखाना पाहायला म्हणजे मुलगी कुठे काम करते ते पाहायला. मला आधीच लक्षात यायला पाहिजे होतं. मोनाली आमच्याच गल्लीतली, तिला आत्ता मडकं शिकवणं, सगळं जुळतं.

मला घाम आला. मोनाली बारावी झालेली आहे आणि माझ्यापेक्षा भराभर बोलते. माझ्याजवळ चांगला असा एकच शर्ट आहे, त्याच्याही खिशावर फ्लेक्सच्या शाईचा डाग आहे. पण खरं सांगायचं तर मला वाईट वाटलं नाही. लहानपणी आम्ही दोघं नाल्याच्या भिंतीवर बसून पहिली पोळी अर्धी अर्धी खायचो. ती नेहमी जळलेला भाग मला द्यायची आणि म्हणायची की तो पौष्टिक असतो.

१५ ऑक्टोबर

कामात लक्ष नव्हतं. ताराचंदभाऊंनी विचारलं, "काहून गा, फलकावरचा दादा दोनदा हसून राहिला, तुले दिसलं नाई का?" एकच फोटो दोनदा लागला होता. असं माझ्याकडून कधी होत नाही.

२१ ऑक्टोबर

आज मी चंपतराव काकांकडे गेलो. त्यांचं घर नाल्याला अगदी लागून आहे. मागे एका वर्षी नाल्याला पूर आला तेव्हा त्यांच्या घरात पलंगाच्या वर पाणी होतं. त्यांची सून सोनिका तेव्हा लेकराला डोक्यावर घेऊन उभी राहिली होती. तेव्हापासून आभाळ भरलं की ती भांडी वरच्या फळीवर चढवते.

मी म्हटलं, "काका, तुमचा खालचा माळा आम्हाला द्या, आमचा तिसरा तुम्ही घ्या."

ते काही बोलायच्या आत सोनिका आतून म्हणाली, "मामाजी, हो म्हना!"

काका हसले. "पाह्य, माया घरात मायं चालते का? पन तू काहून खाली येऊन राहिला? लोक वर जातात."

मी त्यांना चुलीचं सांगितलं. मागच्या अंगणात चूल मांडता येईल, मडकं ठेवता येईल, लोक पोळ्या न्यायला सरळ मागच्या दाराने येतील.   काका म्हणाले, "तुया मायच्या हातच्या पोळ्या माया लग्नात होत्या. ते पोट्टी होती तवा, तिच्या मायसंगं आली होती. ठीक हाय. माया शब्द."

घरं वाटणाऱ्या साहेबांनी सांगितलं आहे की अदलाबदल करायची तर दोन्ही घरवाल्यांनी सह्या करून एका महिन्याच्या आत कागद द्यायचा, नंतर चालणार नाही. मायला आत्ता सांगणार नाही. कागद तयार झाला की एकदम सांगीन.

२८ ऑक्टोबर

एक गोष्ट झाली ती लिहितो. माय दरवर्षी दिवाळीच्या आसपास चूल नव्याने लिंपते. नाल्यापलीकडची काळी माती, त्यात भुसा, आणि वरून हाताने पोतेरं. लहानपणी ओल्या चुलीवर बोट उमटवलं की ती मारायला धावायची, पण ते बोट पुसायची नाही. आमच्या चुलीच्या डाव्या बाजूला माझं आठ वर्षांचं बोट अजून आहे. प्रत्येक वर्षी ती त्याच्या बाजूबाजूने लिंपते.

या वर्षी तिने लिंपलं नाही. चुलीला तडा गेला आहे. मी म्हटलं, मी माती आणतो. ती म्हणाली, "राहू दे. आता काय करतं?"

मायला इतकं निराश मी बाबा गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं. अदलाबदल लवकर झाली पाहिजे.

३ नोव्हेंबर

आज मायला सांगितलं. कागद समोर ठेवला. मला वाटलं होतं ती उठून उभी राहील, रडेल, काहीतरी करेल. ती कागदाकडे बघत राहिली. तिला वाचता येतं, विहारातल्या वर्गात शिकली आहे, पण हळू वाचते. पूर्ण वाचून झाल्यावर तिने विचारलं, "तुले खालीच पाह्यजे का गा?"

मी म्हटलं, "हो. चुलीशिवाय आपलं घर कसं होईल माय? मागे अंगण आहे. मी मडकं नवीन आणीन, कामठीहून, तुला पाहिजे तसं. सगळं होतं तसंच राहील."

"होतं तसंच," ती म्हणाली.

"हो."

तिने खिडकीकडे पाहिलं. आमच्या घराला खिडकी नाही, टिनाला एक भोक आहे, त्याच्याकडे पाहिलं. मग म्हणाली, "वर वारा मस्त होता नाई?"

मी म्हटलं, "वाऱ्याचं काय, पंखा लावू."

ती हसली. "पंखा लावशीन. बरं." आणि सही केली. इंदूबाई, एकेक अक्षर थांबून थांबून. शेवटच्या अक्षराला खोकला आला आणि ईची शेपटी थोडी लांब गेली. बाकी सही सुरेख आहे.

मला खूप हलकं वाटत आहे. काकांना कागद देऊन आलो. ते उद्या किंवा परवा साहेबांकडे देणार.

४ नोव्हेंबर

आजचं कसं लिहू कळत नाही. जसं झालं तसं लिहितो.

दुपारी मोनाली दुकानात आली. मी तिला बसायला स्टूल दिलं. ती बसली नाही. ताराचंदभाऊंच्या समोरच म्हणाली, "तू मावशीची सही घेतली?"

मी म्हटलं, हो.

"तुले काही समजते का रे? का नुसतं दुसऱ्याच्या फलकातल्या चुकाच दिसतात?"

मी म्हटलं, "मोनाली, लग्नाचं मला कळलं आहे. तू रागावू नको, मी…"

"कोनाचं लग्न?"

 तिने माझ्याकडे असं बघितलं की मला जमिनीत जावंसं वाटलं. मग तिचा आवाज उतरला. ती स्टुलावर बसली. तिने सांगितलं की मायची छाती धुराने खराब झाली आहे. डॉक्टरांनी फोटो काढला, फुंकायला लावलं, आणि सांगितलं की आता धूर बंद. तोंडाने ओढायचा एक पंप दिला आहे, तो ती चंचीत ठेवते. चूल बंद केली तर आहे तितकं सांभाळता येईल. नाही केली तर नाही.

"आनि तू तिले चुलीजवळ नेऊन बसवून राहिला," मोनाली म्हणाली. "अंगनात. समोर चूल, अन् तोंडावर सगळा धूर."

मी विचारलं, "मला काहून नाही सांगितलं?" मी नेहमी 'का' म्हणतो. आज तोंडातून 'काहून' निघालं.

"ते म्हने, पोरगा त्या चुलीले लय जपते. घर होऊ दे, वर गेल्यावर चूल आपोआप सुटन, मंग सांगू. म्हने, त्याले असं नाई वाटलं पाह्यजे की आपल्यासाठी जळत जळत मायचं असं झालं."

ताराचंदभाऊ पाठ करून यंत्राशी काहीतरी करत होते. यंत्र बंद होतं.

मायने प्रत्येक माळ्यावर थांबून भिंत पाहिली. तोंड उघडं ठेवून वाऱ्यात उभी राहिली. मी हे सगळं याच वहीत माझ्या हाताने लिहिलं आहे. मागची पानं वाचली. एकही अक्षर चुकलेलं नाही.

५ नोव्हेंबर

सकाळी मायच्या खोकल्याने जाग आली. उठलो आणि चूल पेटायच्या आधी तिच्या हातातून काड्यापेटी घेतली. म्हटलं, आज चहा टपरीवरून आणतो. ती माझ्याकडे बघत राहिली. 

मग चंपतराव काकांकडे पळत गेलो. ते धुतलेला सदरा घालून दारात उभे होते, कागद खिशात. साहेबांकडेच निघाले होते. सोनिकाने तर पेटी बांधून वर 'तिसरा माळा' असं खडूने लिहिलं होतं.

मी म्हटलं, "काका, कागद परत द्या."

ते म्हणाले, "हे काय पोट्टेपना हाय? शब्द म्हंजे शब्द असते गा."

सोनिका म्हणाली, "आता नाई देनार. तुमाले खेळ वाटला का? पानी आलं की लेकरू घेऊन मी उभी राह्यतो, तुमची चूल नाई राहत!"

ती खरं बोलत होती.  गल्लीतली माणसं जमली. मला चार लोकांसमोर बोलायची सवय नाही. पण बोललो. मायचं सगळं सांगितलं. ती खोकते ते धुराने, आणि मला वाटायचं की ती मला उठवते.

 काका पायरीवर बसले. मग म्हणाले, "माई बायको अशीच खोकलत गेली. आमी म्हनो, सर्दी हाय. आयुष्यभर सर्दी." त्यांनी खिशातून कागद काढला, घडी उलगडली नाही, तशीच माझ्या हातात दिली.

सोनिका आत निघून गेली. मी दाराशी उभा राहून म्हटलं, "वहिनी, आभाळ भरलं की लेकरू आणि सामान घेऊन सरळ आमच्याकडे वर यायचं. विचारायचंसुद्धा नाही. किल्ली तुमच्याजवळ ठेवीन."

आतून भांड्यांचा आवाज आला. मग ती म्हणाली, "दोन किल्ल्या बनवा. एक हरवते माया हातून."

घरी येऊन मायसमोर कागद ठेवला आणि म्हटलं, "आपण वरच जायचं."

ती म्हणाली, "मोनालीचं तोंड म्हंजे फुटका नळ." मग पदराने डोळे पुसले. "मले वाटे, तुले आवडते. लहानपनी तू चुलीपासून हालत नव्हता. तुया बाप गेल्यावर तू जेवत नव्हता, पहिली पोळीच तेवढी खाये. म्हनून पेटवत राहिली."

मी म्हटलं, "मला वाटलं तुला पाहिजे म्हणून मी…"

"म्हंजे मी तुयासाठी पेटवत होती अन् तू मायासाठी जपत होता." ती हसायला लागली. "मंग पोळ्या खाल्ल्या कोनं?"

खोकला आला तेव्हा तिने चंचीतून तो पंप काढला. पहिल्यांदाच माझ्यासमोर. निळा आहे, खेळण्यासारखा. मी तिच्यासमोर बसून राहिलो.

२३ नोव्हेंबर

उद्या सामान हलवायचं. आज वस्तीतल्या शेवटच्या पोळ्या झाल्या, आमच्याच लोकांसाठी. मायला वाऱ्याच्या बाजूने, लांब खुर्चीवर बसवलं. ती तिथून हुकूम सोडत होती. गोपिका मावशी आणि मोनाली मडक्यापाशी.

माय म्हणाली, "प्रशिक, तू टाक एक."

मी हात धुतले, पीठ घेतलं, झुलवलं. ते कोपरापर्यंत आलं, तिथून घसरून माझ्या चांगल्या शर्टावर पडलं. मोनाली इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. उरलेलं मी मडक्यावर टाकलं. पोळीला दोन भोकं होती आणि एक शेपूट.

माय म्हणाली, "पहिली मडक्याची. खा आता."

मी ती मोडली आणि अर्धी मोनालीला दिली. जळलेला भाग माझ्याकडे ठेवला. तिने ते पाहिलं. काही बोलली नाही, नेहमी बोलते.

संध्याकाळी चूल थंड झाल्यावर मायने नाल्यापलीकडची माती मागवली. मी म्हटलं, उद्या तर हे सगळं पाडणार. ती म्हणाली, "तडा घेऊन नाई जाऊ देत कोनाले घरातून." तिने बसून तडा बुजवला, सगळी चूल लिंपली, पोतेरं फिरवलं. डाव्या बाजूच्या बोटाच्या बाजूबाजूने. ओली काळी चूल आरशासारखी दिसत होती. मला तिथे अजून एक बोट उमटवावंसं वाटलं. उमटवलं नाही.

मडकं मोनाली मागत होती. माय म्हणाली, धूर खायचा नाही. मग ते सोनिकाच्या अंगणात जाणार आहे, चिमण्यांना पाणी ठेवायला. इतकी वर्षं उपडं होतं, आता सरळ ठेवायचं.

३० नोव्हेंबर

आज सकाळी मला जाग आली नाही. डोळे उघडले तेव्हा भिंतीवर ऊन होतं. आधी वाटलं मी भलत्याच कोणाच्या घरात आहे. मग आठवलं, आणि मग लक्षात आलं की काहीच ऐकू येत नाही आहे. मायचा आवाज नाही.

मी तसाच धावत दुसऱ्या खोलीत गेलो. तिचं अंथरूण घडी करून ठेवलेलं होतं.

माय खिडकीपाशी चहा घेऊन बसली होती. केस वाऱ्याने उडत होते. खाली वस्तीच्या जागी नुसती सपाट माती आहे, फक्त विहार आणि त्याचा निळा झेंडा तसाच आहे. ती तिकडे बघत नव्हती. लांब, झाडांकडे बघत होती. दिवसातून एकदा तरी ती अजून खोकते, डॉक्टर म्हणाले लगेच थांबणार नाही. पण आज सकाळी खोकलली नव्हती.

"काहून गा, घाबरला काय?" तिने विचारलं.

मी म्हटलं, "उशीर झाला."

"हो ना. मी मनात म्हटलं, आज झोपू दे त्याले."

तिने गॅसवर पोळी टाकली. नवीन तवा होता. पोळी एका बाजूने जळली, एका बाजूने कच्ची राहिली. तेल आणि मीठ लावून तिने ती माझ्या ताटात टाकली. मी ती सगळी खाल्ली.

मी आयुष्यात पहिल्यांदा दुकानात उशिरा पोहोचलो. ताराचंदभाऊंनी घड्याळाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि एक फ्लेक्स वाचायला दिला. दुपारी त्यांच्याकडून मोबाइलमध्ये गजर लावायला शिकलो. त्यात आवाजांची मोठी यादी आहे. घंटा, बासरी, कोंबडा, धबधबा. मी एकेक करून सगळे वाजवून पाहिले. ज्या आवाजाने मी इतकी वर्षं उठलो, तो त्यात नाही.

नसू दे. कोंबडा लावला आहे.